बुजवलेली खिडकी

आखाती वाळवंटातल्या अल ऐनमध्ये बर्फ पडत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी आमच्या ह्यांनी, म्हणजे चंद्रहास कंत्राटदारांनी, तिथं बर्फ घसरून पडावा असं उतरतं छप्पर बांधलं, वर दोन धुराडी. गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. अजीजसाहेब तरुणपणी शिकायला इंग्लंडात होते. तिथं ज्यात राहिले तसंच जुन्या धाटणीचं दगडी घर त्यांना हवं होतं. फोटो पुढं करून म्हणाले, "चंद्रा, सेम टू सेम चाहिए."

फोटोत माडीवरची एक खिडकी दगडांनी बुजवलेली होती. तिकडं एके काळी खिडक्यांवर कर होता म्हणे. लोकांनी खिडक्याच बुजवून टाकल्या. ह्यांनी तीही तश्शीच बांधली. बाहेरून चौकट, आतून सपाट भिंत.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात, काम अर्ध्यावर असताना, आमचा सहा वर्षांचा वेद तापानं गेला. हे रडले नाहीत. कामावर जात राहिले आणि हळूहळू घरी यायचेच थांबले. बांधकाम संपलं, उद्या किल्ल्या द्यायच्या, तरी हे माडीवर त्या भिंतीपाशी बसून. शेवटी मी टॅक्सी करून गेले.

"बाहेरून खिडकी आहे, कमल, म्हणजे मागे खोली असणारच. वेद आत आहे. टकटक करतो. म्हणतो, बाबा, आय ॲम हिअर."

मला संताप आला. जिवंत बायको दिसत नव्हती ह्या माणसाला! "खलास, उठा आता," म्हणत मी भिंतीला कान लावला. बाहेर आग ओकणारं ऊन आणि दगड गार. आत टकटक झाली. एसी असेल, म्हटलं; पण घरात वीजच आली नव्हती.

"मी इथून कधीच..."

"अहो, गप्प!" मी ह्यांच्या तोंडावर हात ठेवला. वास्तू तथास्तु म्हणत असते, घरात अभद्र बोलू नये, असं आई बजावायची. साहेबांच्या इंग्लिश घराला मराठी कळतं की नाही, देव जाणे. पण वाईटाला तथास्तु म्हणणारी वास्तू चांगल्यालाही म्हणेलच की! मी भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "वेद आमच्याबरोबर घरी येतोय."

टकटक थांबली. हे उठले आणि जिना उतरले.

खाली ह्यांनी आधी आमच्या गाडीचं मागचं दार उघडलं. जरा थांबले. "बोटं सांभाळ," म्हणाले आणि दार हलकेच लावलं.

मी पुढं बसले. घर येईपर्यंत मागं पाहिलं नाही. सीट रिकामी दिसली असती तर मला ते सोसलं नसतं.