गोजरबाईचा वाघ

सोलापुरात बोलपट येऊन दोन-चार वर्षं झाली होती, आणि पत्र्याच्या थेटरात जनान्याच्या दारावर गोजरबाई बसत होती. बाई मूळची नातेपुत्याकडची. नवऱ्यामागं पोट भरायला गिरणीत आली, कापसाच्या धुळीनं खोकला धरला तशी थेटरात आली. काम सोपं. बायकांची तिकिटं घ्यायची, पुरुष आत घुसू द्यायचा नाही, आणि पोर रडलं की आईसकट बाहेर काढायचं. पोर बाहेर यायचं, आई मात्र बाकड्यावरून हलायची नाही. त्यामुळं कुणाचं तरी लेकरू खांद्यावर टाकून गोजरबाई निम्मा खेळ बाहेरच काढायची. थेटरात राहून एकही चित्र धड न पाहिलेली ती एकटीच असावी.

पुरुषांच्या आणि बायकांच्या बाकड्यांमध्ये लाकडी फळ्यांचा आडोसा होता. अलीकडं पुरुषांकडं दाटी आणि बायकांच्या बाकड्यांवर नुसत्या चिमण्या. शेवटी मॅनेजर रामहरीनं बजावलं, "गोजरबाई, याही खेळाला जनाना रिकामा राहिला, तर सोमवारी फळ्या काढतो. मग दार नाही आणि दारावर तुम्हीही नाही."

"चित्र कसलं हाय?"

"बाईचं. घोड्यावर बसते, चाबकानं दरोडेखोर बडवते. मुंबईत चालतंय म्हणे. इथं कोण बघणार?"

पोटावर पाय यायची वेळ आली म्हटल्यावर गोजरबाईनं दुसऱ्या दिवशी चाळीच्या नळावर चित्राची गोष्ट सांगायला घेतली. तिनं पाहिली होती फक्त भिंतीवरची जाहिरात. घोडा सांगितला, चाबूक सांगितला. बायका आपल्या घागरी घासत राहिल्या. तेव्हा तिनं एक वाघ सोडला.

"शेपटीला धरून गरगर फिरवती!"

"खरा वाघ?" गिरणीतली जुनी जोडीदारीण कमलम्मा घासायची थांबली.

"मंग काय कापडाचा? जिता हाय."

शनिवारी संध्याकाळी पुरुषांकडं पाय ठेवायला जागा उरली नाही. बाईचं चित्र बघायला सगळे बाप्येच. जनान्यात मात्र कुणी नाही. आडोशापलीकडून ओरडा सुरू झाला, तसा रामहरी तणतणत आला.

"उघडा दार. बाप्ये सोडतो आत."

"गिरणीचा भोंगा हुऊ द्या."

"भोंग्याचा आणि खेळाचा काय संबंध?"

"बाया काय तुमच्यावानी दिसभर पान चघळत बसत्यात व्हय? सुटल्या की येतील."

आणि ती उंबऱ्यावर आडवी बसली. बाईला हाताला धरून उठवायची रामहरीची छाती होईना. त्यानं चिडून खेळ सुरू करायला लावला. आत चाबूक कडाडला, शिट्ट्या वाजल्या. बाहेर गोजरबाई रस्त्याकडं डोळे लावून बसली. गिरणीचा भोंगा झाला. तरी रस्ता मोकळाच. तिला वाटलं, गेली नोकरी.

मग वळणावरून घोळका आला. केसांत कापूस, काखेत पोरं, पुढं कमलम्मा. बाकडी भरली, मधली वाट भरली, मागून रेटा वाढला आणि सोमवारची वाट न बघता आडोशाच्या दोन फळ्या निखळल्या. बायका सरळ पुरुषांच्या बाकड्यांवर जाऊन बसल्या. जे बाप्ये सभ्यपणानं उठले, त्यांना पुन्हा जागा मिळाली नाही.

खेळ सुटल्यावर कमलम्मानं दारातच गाठलं. "गोजरक्का, वाघ कुटं?"

रामहरी शेजारीच उभा. तो गोजरबाईकडं बघायला लागला.

"वाघ सुरवातीलाच आसतोय," ती म्हणाली. "तुमीच उशिरा आला की गं."

दुसऱ्या दिवशी गिरणीला सुट्टी. बायका खेळाच्या आधीच येऊन बसल्या, येताना जावा-नणंदा घेऊन. परत जाताना रस्त्यानं पदराचे चाबूक करून एकमेकींना फटकावत होत्या.

सोमवारी रामहरीनं फळ्या काढल्या खऱ्या. पण चार बाकडी जनान्यात घेऊन त्या पुरुषांच्या बाजूला पुन्हा ठोकल्या.

त्या संध्याकाळी कमलम्मा तिसऱ्यांदा बाहेर पडली. "आजबी न्हाय आला."

"उद्या बघ."

"गप ग. त्यो वाघ तुज्या तोंडातला हाय, पयल्याच दिशी कळलं मला." कमलम्मानं काखेतलं पोर सावरलं. "पर उद्या सासूला आणती. वाघावरच्या देवीची लई भगत हाय, उगं याची न्हाय. तिला नळावर गाठून तेवढं वाघाचं सांग."