नमकवाली मॅडम

बाई श्वास बाजूला सोडायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली काळा ट्रे, त्यावर समुद्रतळाच्या गाळातून धुऊन काढलेली, सूक्ष्म जीवांची वाळूच्या कणाएवढी कवचं आणि बाईंच्या हातात ओल्या टोकाचा बारीक ब्रश. समोर श्वास सोडला तर सकाळभराचं काम उडून जायचं. म्हणून त्या मान किंचित डावीकडे वळवत, श्वास सोडत आणि पुन्हा डोळे लावत. ही सवय इतकी जडली होती की चहा पितानाही त्या तसंच करायच्या. नवख्याला वाटे, बाई आपल्यावर रागावल्यात.

लखनौच्या आमच्या संशोधन संस्थेतले शिपाई त्यांना ‘नमकवाली मैडम’ म्हणत. बाई मूळच्या मालवणच्या. यजमान रेल्वेत इंजिनिअर, म्हणून मानकनगरच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. मी नागपूरहून त्यांच्या हाताखाली संशोधनाला आले होते. एकदा आम्ही तेलीबागच्या बाजारात भाजी घेत होतो, तेव्हा ओळखीच्या भाजीवाल्यानं विचारलं, “बहनजी, आप नमक की डॉक्टर हैं?”

“हाँ भैया. पुराने समंदर का नमक नापती हूँ. जब लखनऊ भी नहीं था, तब का.”

“नापकर क्या होगा?”

“पता चलेगा, तब बारिश कैसी थी. बारिश अच्छी, तो नदियाँ समंदर में खूब मीठा पानी डालती हैं. ऊपर का पानी कम खारा. सूखा पड़ा, तो ज़्यादा खारा.”

“अच्छा! तो इस साल का भी बता दीजिए.”

“इस साल का आप बताइए, सब्जी आप बेचते हैं,” बाई म्हणाल्या, आणि कोथिंबीर निवडू लागल्या.

बाईंचं सगळं आयुष्य एका अडचणीत गेलं. कवचातला जड ऑक्सिजन मोजला की पाणी किती खारं होतं याचा अंदाज येतो. पण पाणी नुसतं थंड असलं तरी तो जड ऑक्सिजन वाढतोच. “दोघं एकदम बोलतात गं,” बाई म्हणत. “थंडीचं बोलणं वेगळं काढल्याशिवाय मिठाचं ऐकू येत नाही.” बंगालच्या उपसागराच्या एका नमुन्यात ते आपल्याला ऐकू आलंय, अशी त्यांची खात्री होती. तो निष्कर्ष छापून आला होता, लोक त्याचा आधार घेत होते.

त्या हिवाळ्यात यजमान गेले. सकाळी ऑफिसला निघताना बूट घालायला वाकले, ते उठलेच नाहीत. दिवसपाणी उरकून बाई कामावर आल्या, ट्रे पुढे ओढला आणि ब्रश ओला केला.

“बाई, थोडे दिवस घरी थांबायचं ना,” मी म्हटलं.

“घरी काय करू? तिथे सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसतात. इथे निदान कोणी बघत नाही.”

मीही मग बघायचं सोडून दिलं. बाई रडताना कोणाला दिसल्या नाहीत. डबा उघडायच्या, खायच्या, बंद करायच्या. काय भाजी होती विचारलं तर आठवायचं नाही.

त्यातच दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेतून निकाल आले. त्याच नमुन्याच्या जुन्या तापमानाचा अंदाज त्यांनी वेगळ्या रीतीनं काढला होता. बाईंनी आलेख खिडकीशी नेऊन पाहिला आणि माझ्याकडे दिला. जिथे बाईंनी खारट पाणी वाचलं होतं, तिथे पाणी फक्त थंड झालं होतं.

एक वरिष्ठ सहकारी समजुतीनं म्हणाले, “अभी रहने दीजिए. आपके घर में इतना बड़ा हादसा हुआ है. कोई कुछ नहीं पूछेगा.”

“इसीलिए तो बताना पड़ेगा,” बाई म्हणाल्या.

पुढच्या चर्चासत्रात त्या उभ्या राहिल्या. पाठ केल्यासारख्या सपाट आवाजात त्यांनी सांगितलं, “जिसे मैंने नमक समझा, वह ठंड थी. मेरा नतीजा ग़लत है.” त्या खाली बसल्या आणि जेवणानंतर आम्ही त्याच गाळाचा वरचा थर पुन्हा धुवायला घेतला.

ते काम निवृत्तीपर्यंत चाललं. या वेळी प्रत्येक थराचं तापमान आधी वजा केलं. उरलेली खारटपणाची रेघ पृथ्वीच्या आसाच्या, हजारो वर्षांत पुऱ्या होणाऱ्या संथ घिरट्यांबरोबर वरखाली होत होती: पावसाळे जोरदार तेव्हा खारटपणा कमी, पावसाळे मंद तेव्हा जास्त. मी आनंदानं ओरडलेच. बाईंनी रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “बरोबर दिसतंय.” एवढंच.

निवृत्तीनंतर त्या मुलीकडे बंगळूरला निघाल्या. मी अमौसी विमानतळावर पोचवायला गेले. मुलगी सामानाच्या रांगेत होती. “माँ, चलो ना,” तिनं हाक मारली. “आले गं,” म्हणत बाई माझ्याकडे वळल्या.

“लोकांना वाटतं, मी फार धीराची. धीर नव्हता गं तो. हे गेले तेव्हापासून मला काही वाटतच नाही. रेघ जुळली तेव्हाही नाही. तू ओरडलीस, बरं झालं. कोणीतरी ओरडायला हवं होतं.”

मी त्यांची पिशवी तेवढी पुढे नेऊन दिली.

पुढे बऱ्याच दिवसांनी बाईंच्या मुलीचा फोन आला. “माँ नहीं रहीं. सुबह, सोते-सोते.” मी “अच्छा” म्हणाले. आणखी काही बोलायला हवं होतं. रिसीव्हर ठेवून मी कामाला बसले, ट्रे पुढे घेतला. कवचं दिसेनात. काच धूसर झाली असेल म्हणून रुमालानं पुसली, पुन्हा डोळे लावले, पुन्हा पुसली. काच स्वच्छ होती.