शेवटच्या बटणातली हाक

लकव्यातून बाबा उठले, पण बोलणं काही परत आलं नाही. समजायचं सगळं, वाचायचेही. तोंडातून मात्र नुसता हुंकार. साधं पाणी मागता आलं नाही की त्यांचे डोळे भरून यायचे. मला ते बघवेना. मी तेव्हा जबलपूरला कॉम्प्युटर शिकत होते, सुट्टीत बालाघाटला आलेली, आणि अंगात पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेचं वारं शिरलेलं. म्हटलं, बाबांना बोलतं करते की नाही बघा!

मी प्रोग्राम लिहायला घेतला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठमोठी बटणं: पाणी, चहा, पंखा, उशी. दाबलं की आवाज येणार. एकेक बटण कोण हातानं बनवत बसतं? मी लूप लावला, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारी आज्ञा. फोल्डरमध्ये जितके आवाज, तितकी बटणं आपोआप तयार. आवाज सगळे माझे. शेवटचा तेवढा बाबांचा. मी शाळेत असताना नव्या टेपरेकॉर्डरवर कविता भरत होते, तेव्हा मध्येच त्यांची आईला मारलेली हाक शिरली होती, "अवं, आयकून राह्यली का?" आईचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नाही. ती कॅसेट आईनं ट्रंकेत जपून ठेवली होती; तिच्यातून ती हाक मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली.

दुपार होती. पंखा पेंगत फिरत होता, दुरून छोट्या लाईनच्या, नॅरोगेज गाडीची शिट्टी येत होती. बाबांनी डाव्या हातानं 'पाणी' दाबलं.

"अवं, आयकून राह्यली का?"

तोच भरदार आवाज! आई पिठाच्या हातांनी धावत आली आणि दारातच उभी राहिली. बाबा गोंधळले. 'चहा' दाबलं, तीच हाक. 'उशी', तीच हाक. आई तिथंच रडायला लागली.

चूक माझीच. प्रत्येक बटणाला मी 'हा आवाज लाव' एवढंच सांगितलं होतं. 'हा' म्हणजे कुठला, ते प्रोग्राम बटण दाबल्यावरच बघायचा, आणि तोवर लूप शेवटच्या आवाजावर जाऊन थांबलेला! मग बटण बनवतानाच ज्याचा त्याला आवाज बांधून दिला.

बाबांनी पुन्हा 'पाणी' दाबलं. "पाणी पाहिजे," माझा आवाज.

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काहून, तुये हात मोडले का? उठून घे ना!"

मला हसू आलं, मग लक्षात आलं. माझ्या आवाजात बाबांना कोण ओळखणार? पण बाबा थांबले नाहीत. त्यांनी आधी शेवटचं बटण दाबलं, मग 'पाणी'. आई तांब्या घेऊन आली. त्या दिवसापासून तीच रीत पडली, आधी हाक, मग शब्द.

सुट्टी संपत आली तेव्हा एका दुपारी हाक आली. आई गेली. "काय पायजे जी?"

पुढचं बटण वाजेना. प्रोग्राम अडकला की काय, म्हणून मी धावले. आई खाटेवर बाबांच्या शेजारी बसली होती.

"काही अडकलं नाही," ती म्हणाली. "जाय तू."