हरेशच्या चपलेचं इलॅस्टिक

"मॅडम, अजून तिघं टेम्पोत हायत. त्यांना पन पाठवू का आत?"

माझ्या अलिबागच्या OPD मध्ये त्या शुक्रवारी सकाळी आठ पुरुष अनवाणी पायांनी, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून बाकावर ओळीने बसले होते. विचारत होते धर्मानाना. माझा पेशंट हरेश, त्याचे हे काका, पेणकडच्या एका गावातले. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. आल्या आल्या त्यांनी पडद्याच्या दांडीला सहा फुटी flex टांगला होता. त्यावर घराण्याची वंशावळ. गावच्या पालखीला छापून घेतलेली. खापरपणजोबापासून सगळ्यांची नावं, हयात असलेल्यांचे फोटो, त्यातल्या निम्म्यांना गॉगल.

कपाळावर हात मारून घ्यावा असं वाटलं. पण दोष कोणाला देणार? हे सगळं मीच ओढवून घेतलेलं.

मी न्यूरॉलॉजिस्ट. म्हणजे मेंदूची आणि नसांची डॉक्टर. हरेश माझ्याकडे मंगळवारी आला होता. वय चाळीसच्या आतबाहेर, बंदरातून कंटेनरचा स्वतःचा ट्रेलर चालवणारा. त्याचे दोन्ही पाय घोट्यातून वर उचलत नव्हते. आम्ही त्याला foot drop म्हणतो. चालताना पंजा लोंबतो, मग माणूस गुडघा उंच उचलतो, चिखलातून चालल्यासारखा. त्याच्या कमरेच्या MRI मध्ये एक गादी सरकलेली दिसत होती. मुंबईच्या एका सर्जनने सोमवारी ऑपरेशन ठरवलं होतं. त्याआधी नसांची एक तपासणी हवी, म्हणून पाठवलेला.

"तुमी फक्त सही करा मॅडम," तो म्हणाला. "ऑपरेशन झालं का महिन्याभरात मी परत गाडीवर."

मी मशीन लावलं. नसेवर एका ठिकाणी बारीकसा करंट द्यायचा आणि तो पुढे किती वेगाने पोचतो ते मोजायचं, एवढीच तपासणी. पायाच्या नसा रडतखडत चालल्या होत्या. ते अपेक्षितच. पण हाताच्या नसाही तशाच रेंगाळत होत्या. आता कमरेची गादी सरकून हाताची नस कशी मंदावेल? मी त्याला मोजे काढायला लावले. पायाची कमान उंच, बोटं आखडलेली, पोटऱ्या काटकुळ्या. हे दुखणं कमरेचं नव्हतं. हे नसांच्या वेष्टनाचं होतं, आणि जन्मापासून सोबत आलेलं.

हे वेष्टन म्हणजे काय, ते सांगते. नस ही वायर धरली, तर तिच्यावर एका पेशीचं वेष्टन असतं. ती पेशी चटई गुंडाळावी तशी स्वतःला नसेभोवती गुंडाळते, वेढ्यावर वेढे. पेशीचं स्वयंपाकघर राहतं सगळ्यात बाहेर. आतल्या वेढ्याला जेवण पोचवायचं तर सगळे वेढे गोल गोल फिरून जावं लागेल. म्हणून वेढ्या-वेढ्यांमध्ये बारीक दारं असतात. प्रोटीनची. या दारांना gap junction म्हणतात आणि इथल्या दाराच्या प्रोटीनचं नाव connexin-32. मेंदूत शेजारशेजारच्या पेशी एकमेकींशी बोलतात, तिथेही अशी दारं असतात. दार बिघडलं की आतलं वेष्टन उपाशी राहतं आणि संदेश रखडतो. सगळ्यात लांब नसा पायाच्या, म्हणून आधी पाय बोंबलतात.

मी सर्जनला फोन लावला.

"सर, हे hereditary वाटतंय. पाठ उघडून काही मिळणार नाही."

"मॅडम, MRI मध्ये disc आहे, पेशंटला foot drop आहे. Gene test केली?"

"आज रक्त पाठवते. रिपोर्टला काही आठवडे जातील."

"Family history?"

"नाही म्हणतो."

"मग मी कशाच्या जोरावर थांबू? पेशंट स्वतः रोज फोन करतोय. सोमवारच्या आत काहीतरी ठोस द्या, मी थांबतो."

त्याचंही चुकत नव्हतं. मी हरेशला म्हटलं, "शुक्रवारी घराण्यातली जितकी रक्ताची माणसं आणता येतील तितकी आणा. आणि वंशावळ लागेल."

अहो, आणली ना त्यांनी!

मी एकेकाच्या पायाची कमान बघत गेले, टाचेवर चालवून बघितलं, घोट्यामागे हातोडी मारली. नसा धड असतील तर पाऊल टुणकन खाली उडतं. अकराही जणांची पावलं उडाली. चौथ्याच्या गुडघ्यावर हातोडी मारली, तर त्याने माझ्या असिस्टंटच्या, कल्पनाच्या हातातला चहाचा ट्रेच उडवला. धर्मानानांनी त्याला शाबासकी दिली. स्वतः नाना टाचांवर खोलीभर दोन फेऱ्या मारून आले, वर मिशीवर हात फिरवला.

"बगितलंत? आमच्या घरान्यात कोनाला कायच न्हाय. हरेशचा पाय क्लचनं गेला. ट्रेलरचा क्लच लय जड."

"दोन्ही पाय गेलेत, नाना. क्लच एकच असतो."

"मग ब्रेकनं," नाना म्हणाले.

हरेश कोपऱ्यात घड्याळ बघत बसला होता. "मॅडम, करा की आता सही. सोमवारची तारीख गेली तर परत कवा मिलंल?"

खोटं कशाला बोलू, माझाच धीर सुटत चालला होता. अकराच्या अकरा पैलवान. Family history शून्य. सोमवारी या माणसाची पाठ उगाच उघडणार, तो महिनाभर झोपून राहणार, उठल्यावर पाय तसेच लोंबणार, आणि कागदावर माझीही सही असणार. मी पेन शोधायला लागले.

तेवढ्यात बाहेर कल्पनाचा आवाज चढला. "आजी, चपला आत न्यायच्या नाहीत!"

"अगं, बारा जोड हायत, हरेशचा कोनी घालून गेला तर तो चालल कसा?"

दारात एक म्हातारी उभी. काठापदराचं पातळ, हातात पुरुषी चपलांचा जोड. चपलांना मागून काळं इलॅस्टिक शिवलेलं, लहान मुलांच्या सँडलला असतं तसं.

"ही हरेशची आयस," नाना म्हणाले. "वैनी, तू बाहेर बस. आत तपासनी चाललीय."

मी म्हटलं, "थांबा. आजी, हे इलॅस्टिक कोणी लावलं?"

"मीच. याच्या पायातनं चप्पल निसटतं ना. शालेत जायचा तवापासनं लावतंय."

"शाळेपासून? मग क्लच कुठून आला?"

नाना flex कडे बघायला लागले.

"आणि अशी पट्टी लावायची कुठे शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? लग्नाच्या आदी माज्या भावाच्या चपलेला लावायचीच की. पांडूच्या."

मी पेन खाली ठेवलं.

"तुमचा भाऊ पांडू... तो चालतो कसा?"

आजींनी चपला कल्पनाच्या हातात दिल्या, पदर खोचला आणि माझ्या खोलीत चालून दाखवलं. गुडघा उंच, पंजा लोंबता, पाऊल फट्‌कन जमिनीवर. हुबेहूब हरेश.

"पन त्याचं मिठागरानं झालं," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर त्यानं चिखल तुडवला. माज्या भयनीचा मोठा पन तसाच चालतं, तो दारूनं. धाकटा दारू पीत न्हाय, तरी तसाच चालतं. तो लानपनी आंब्यावरनं पडलेला."

म्हणजे एका माहेरात चार माणसं एकच चाल चालत होती, आणि प्रत्येकाला वेगळं कारण लावून दिलेलं. मिठागर, दारू, आंबा आणि क्लच.

"आजी, हे आधी का नाही सांगितलंत?"

"मना कोन इचारलंय?"

खरंच होतं. Flex वर मी पुन्हा नजर फिरवली. खापरपणजोबापासून गॉगलवाल्या पुतण्यापर्यंत सगळे बाप्ये. बाई एकच, सगळ्यात वर, ती ग्रामदेवी. नानांना तरी काय बोलू? एवढी वर्षं ज्युनिअर डॉक्टरांना शिकवते, "मामाकडचं विचारा", आणि मी बाईमाणूस असून त्या flex समोर तास घालवला. नसांचे असे काही आजार बापाकडूनही येतात, तेवढंच धरून बसले. माझाच राग आला मला.

पांडूमामांना व्हिडिओ कॉल लावला. आधी छत दिसलं, मग एक कोंबडी, मग मामांचं नाक.

"मामा, पाय दाखवा, पाय!" हरेश ओरडला.

पाय आले. उंच कमान, आखडलेली बोटं. हरेशने आपला पाय मोबाइलशेजारी धरला. अकरा पुरुष वाकून बघायला लागले. मी फोटो काढला. मग आजींना बसवून घोट्यामागे हातोडी मारली. पाऊल हललं नाही. या दाराचा नकाशा X नावाच्या गुणसूत्रावर असतो. बाईकडे ते दोन, एक बिघडलं तरी दुसरं बरंच सांभाळून घेतं. पुरुषाकडे एकच, तेही आईकडून आलेलं. त्यामुळे धर्मानानांनी आणखी चार टेम्पो भरून आणले असते तरी त्यात काही सापडलं नसतं.

मी हे सगळं समजावलं, दारांसकट. आजी म्हणाल्या, "म्हंजे मिठागरात एका वाफ्यातून दुसऱ्यात पानी जायाची वाट बुजावी, तसंच ना?"

"अगदी तसंच." मला पंधरा मिनिटं लागली होती.

नानांचा चेहरा उजळला. "म्हंजे आमचं रगत चोख! दोष वैनीच्या माहेरचा!"

"नाना, गप्प बसा!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. "दोषबिष काही नाही. हरेशच्या मुलींकडेही हे जाणार, त्या तुमच्याच घराण्यातल्या ना? त्यांनाही आणायचंय मला तपासायला."

नाना बसले. आजींचे डोळे मात्र भरून आले. "म्हंजे माज्यामुलं माज्या पोराला..."

हरेश लंगडत उठला आणि आईजवळ गेला. "आये, तू चप्पल घेऊन आत आली नसतीस तर सोमवारी माजी पाठ फाडली असती यांनी. आता रडतेस कशाला?" आणि स्वतःच रडायला लागला. गाडीवर परतायची आशा त्या ऑपरेशनवर होती, तीही गेली होती ना.

सर्जनला मी दोन पायांचा फोटो आणि आजींची तपासणी पाठवली. दहा मिनिटांत फोन. "सोमवारचं रद्द करतो. मॅडम, वाचवलंत मला."

"मी नाही," म्हटलं, "इलॅस्टिकने."

रिपोर्ट आला तो connexin-32 चाच. या आजारावर आज औषध नाही. व्यायाम आहे आणि पंजा उचलून धरणारी प्लास्टिकची पट्टी आहे. ती लावून हरेश आता सरळ चालतो. ट्रेलर चालवणं मी बंद करायला लावलं. त्याने ड्रायव्हर ठेवलाय आणि स्वतः शेजारी बसून सूचना देतो. दोन ड्रायव्हर सोडून गेले, तिसरा जरा कमी ऐकतो म्हणून टिकलाय. मुलींची तपासणी झाली. हातोडी मारली की धाकटीचं पाऊल उडत नाही, पण ती चालते छान, आणि कोणावर लक्ष ठेवायचं ते आता आम्हाला माहीत आहे. त्यांना घेऊन आले ते धर्मानाना, तेही flex शिवाय.

मशीन महागडं, हातोडी परदेशी, पण त्या दिवसापासून मी केबिनमध्ये शिरायच्या आधी बाहेरच्या चपला बघते. कुठे मागून पट्टी शिवलेली दिसली की ती कोणी शिवली ते विचारते, आणि त्या बाईला पहिली आत बोलावते. कल्पनाला वाटतं, मला चप्पलचोराचा संशय आहे.