रूटसाहेबांचं टपाल

मंगला महाजन आमच्या तापी ज्ञानवर्धक मंडळात ब्याऐंशी साली टायपिस्ट म्हणून लागल्या. शनवाऱ्याच्या ऑफिसात त्यांची एकाच गोष्टीसाठी दहशत होती. दोन शब्दांमध्ये एकाऐवजी दोन रिकाम्या जागा पडल्या, तर त्या पूर्ण पान फाडायच्या आणि पहिल्यापासून टाइप करायच्या. मी तेव्हा लालबागच्या शाळेत गणित शिकवायचो. माझा रजेचा अर्ज त्यांनी एकदा याच कारणावरून परत पाठवला होता, आणि तो मी हातानं लिहिलेला होता.

दोन हजार सात साली मंडळानं ठरवलं की शनवारा, लालबाग आणि देडतलाई, तिन्ही शाळा कॉम्प्युटरनं एकमेकींना जोडायच्या. दाखले, निकाल, हजेरी, सगळं एकाच मोठ्या यंत्रात राहणार. इंदूरहून एक इंजिनियर आला. त्यानं यंत्रात ते चालवणारं लिनक्स घातलं, तीन दिवस शिकवलं आणि गेला. पुढे त्याचा फोन लागेना. आता हे यंत्र सांभाळणार कोण, यावर मंडळाची बैठक बसली. सगळ्यांत वेगानं टाइप कोण करतं, असा प्रश्न निघाला आणि पन्नाशीच्या मंगलाताई आमच्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर झाल्या.

इंजिनियरनं सांगितलेलं सगळं त्यांनी एका वहीत उतरवून घेतलं होतं. त्यातले नियम टाइप करून त्यांनी भिंतीवर लावले. लिनक्समध्ये एक मालक असतो, त्याला रूट म्हणतात. त्याला सगळं करता येतं आणि यंत्र त्याला ‘नक्की ना?’ असंही विचारत नाही. म्हणून रोजची कामं रूट होऊन करू नयेत. दर शनिवारी सगळ्याची एक नक्कल सीडीवर घ्यावी आणि ती ऑफिसाबाहेर ठेवावी, कारण ऑफिसला आग लागली तर दोन्ही जळतील. पासवर्ड कोणालाही सांगू नये. या शेवटच्या नियमाखाली ‘नवऱ्यालाही नाही’ ही भर ताईंची स्वतःची होती.

पासवर्ड तपासायचं काम त्यांनी गिरधर शिपायाला दिलं. गिरधर आठवी पास, पण माणसं ओळखून असलेला. त्यानं नऊ शिक्षकांपैकी सात जणांचे पासवर्ड चहा संपायच्या आत ओळखून दाखवले. सहा बायकोच्या नावाचे होते. सातवं नाव बायकोचं नव्हतं, त्यावरून स्टाफरूममध्ये दोन दिवस कुजबुज चालली. चौकशीअंती ती त्या शिक्षकांची म्हैस निघाली.

असं वर्षभर बरं चाललं. मग दोन हजार आठच्या दसऱ्यानंतर अरविंदरावांचा प्रकार झाला.

अरविंदराव मंडळाचे सचिव. स्वभावानं भला माणूस, पण दोन गोष्टींत कच्चा. एक, रोज पंधरा मिनिटं उशिरा यायचा. दोन, चौकशी या शब्दाला फार घाबरायचा. नव्या यंत्रात सही करताना वेळ आपोआप नोंदली जायची, त्यामुळे त्यांचा उशीर आता सगळ्यांना दिसायला लागला. त्यांनी ठरवलं की यंत्राचं घड्याळच पंधरा मिनिटं मागे घ्यावं. महत्त्वाचं काही करायचं असलं की मंगलाताई आधी ‘सुडो’ असं टाइप करतात, हे त्यांनी मागे उभं राहून पाहिलेलं होतं. घड्याळ बदलायचा हुकूम त्यांनी कुठल्याशा पुस्तकातून काढला. शनिवारी सकाळी, ताई यायच्या आधी (म्हणजे त्या दिवशी अरविंदराव पहिल्यांदाच वेळेवर आले होते), त्यांनी तो टाइप केला.

यंत्रानं इंग्रजीत उत्तर दिलं. अर्थ असा, की अरविंद हा परवानगीच्या यादीत नाही आणि या घटनेची तक्रार करण्यात येईल.

मी निकालपत्रकं घेऊन पोचलो तेव्हा अरविंदराव खुर्चीवर बसून पंख्याकडे बघत होते. तक्रार कोणाकडे होणार, असं त्यांनी गिरधरला विचारलं होतं. गिरधरनं भिंतीवरचे नियम वाचून सांगितलं, की रूटकडे, तोच मालक आहे.

“गुरुजी,” त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, “हे रूटसाहेब इंदूरला बसतात का भोपाळला?”

मी काही बोलायच्या आत त्यांनी कागद ओढले आणि स्पष्टीकरण लिहायला घेतलं. ‘माननीय रूट महोदय’ असा मायना होता. चार पानं झाली. त्यात त्यांची बावीस वर्षांची सेवा होती, गुडघेदुखी होती, आणि घड्याळाबद्दल आपल्या मनात कधीच वाईट भावना नव्हती असंही एक वाक्य होतं.

मंगलाताई आल्या. त्यांनी चारही पानं उभ्यानं वाचली, दुसऱ्या पानावर एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि मग सांगितलं की रूट म्हणजे दुसरं कोणी नाही, या यंत्रापुरती मीच. अरविंदरावांचा चेहरा खुलला. पण ताई विचारात पडल्या. त्या म्हणाल्या, तक्रार रूटकडे आली, तर ती कुठेतरी आलेली असणार. ते टपाल मी आजवर कधी उघडलंच नाही.

त्यांनी टपाल उघडलं. चारशेच्या वर पत्रं साठलेली होती. यंत्र रोज इमानदारीनं रूटला एक पत्र लिहीत होतं: आज काय घडलं, कोण आलं, कोणाला दार उघडलं नाही. सगळ्यांत वर अरविंदरावांची तक्रार होती. त्याखालची पत्रं वाचताना मात्र ताईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत घसरला. बाहेरच्या देशातून कोणीतरी रोज हजारो वेळा आमच्या यंत्राचं दार ठोठावत होतं. दर वेळी नवं नाव, नवा पासवर्ड. आणि तेवीस दिवसांपूर्वी एक नाव लागू पडलं होतं. ते होतं ‘टेस्ट’, आणि पासवर्डही ‘टेस्ट’. इंजिनियरनं तपासणीपुरतं केलेलं खातं, जे तो बंद करायचं विसरला होता.

“म्हणजे महिनाभर आपल्या घरात परका माणूस बसलाय,” ताई म्हणाल्या, “आणि आपण म्हणतोय इंटरनेटची लाइन हळू आहे.”

त्यांनी सर्वांत आधी इंटरनेटची वायर काढली. हे वहीत होतं. मग त्या रूट झाल्या. त्या पाहुण्यानं टेस्ट, टेस्ट-एक, टेस्ट-दोन असे बरेच फोल्डर करून ठेवले होते. शाळांचे फोल्डरही तिथेच, शेजारी होते. लिनक्समध्ये काढून टाकायच्या हुकमापुढे ‘टेस्ट’ लिहून त्याला लागून चांदणीची खूण (*) काढली, की त्याचा अर्थ होतो, टेस्टनं सुरू होणारं सगळं काढून टाक. ताई रागानं नेहमीपेक्षा जोरात टाइप करत होत्या. ‘टेस्ट’ आणि चांदणी यांच्यामध्ये एक रिकामी जागा पडली. आता अर्थ असा झाला, की टेस्ट काढ आणि शिवाय इथे जे जे आहे ते सगळं काढ.

यंत्रानं काढलं. रूटला ते विचारत नाही.

मंगलाताई पडद्याकडे बघत बसल्या. सव्वीस वर्षं टायपिंग करणारी बाई, आणि एका रिकाम्या जागेनं तीन शाळांचे दाखले गेले होते. मग त्यांनी विचारलं, “गिरधर, शनिवारच्या सीड्या कुठेत?”

नियमाप्रमाणे त्या ऑफिसाबाहेर होत्या. गिरधर देडतलाईचा. दर शनिवारी तो गावी जायचा आणि सीडी घरी ठेवायचा. सुरक्षित आहेत का, असं ताईंनी विचारलं. आईकडे दिल्यात, म्हणाला, पण सांगताना त्यानं खिडकीबाहेर बघितलं.

आम्ही चौघं दुपारच्या बसनं निघालो. अरविंदरावांना कोणी बोलावलं नव्हतं, पण आता खरी चौकशी होईल या भीतीनं त्यांना एकटं बसवत नव्हतं. खकनारवरून देडतलाईला पोचेस्तोवर ऊन उतरायला लागलं होतं. गावाबाहेर गिरधरचं ज्वारीचं शेत लागलं आणि ताईंनी बस थांबवायला सांगितली.

शेतभर आमच्या मंडळाचा बॅकअप लोंबकळत होता. काठ्यांना सुतळीनं बांधलेल्या पन्नासेक सीड्या वाऱ्यावर फिरत होत्या आणि चकाकत होत्या. कणसांवर एकही पाखरू नव्हतं.

गिरधरची आई सरुबाई बांधावर भेटली. तिला यात काही वावगं वाटलं नाही. “दर हप्त्याले एक आणू राह्यला हा,” ती म्हणाली. “मी म्हनलं, एवढ्या ताटल्या घरात काय कामाच्या? पाखरं लय खाऊ राह्यली होती, बाई.”

आम्ही ज्वारीत शिरलो. अरविंदराव धोतर खोचून सगळ्यांत पुढे होते. एकेक सीडी सोडवून ते नारळासारखी दोन्ही हातांनी ताईंना आणून द्यायचे. ताई ती उन्हात तिरपी धरायच्या आणि बाजूला ठेवायच्या. बहुतेकींवरचा चंदेरी थर उडाला होता, उरलेल्यांवर ज्वारीच्या पानांचे ओरखडे होते. एकावन्न झाल्या आणि एकही वाचली जाईल असं वाटेना. ताई बांधावर बसल्या. मी त्यांना सव्वीस वर्षांत प्रथमच पदरानं डोळे पुसताना पाहिलं.

सरुबाईनं चहा आणला. बाईमाणूस रडतंय हे बघून तिनं कप बांधावर ठेवले. मग तिनं विचारलं, “देवातली बी लागंल का?”

खंडेनवमीला घरातली अवजारं पुजायची म्हणून सरुबाईनं विळा, पाभर, कुऱ्हाड मांडली होती. मुलाच्या ऑफिसचंही काही असावं म्हणून त्या आठवड्यात आलेली नवी सीडी शेजारी ठेवली होती. ती देव्हाऱ्यातच राहिली होती. तिच्यावर हळदकुंकवाची पाच बोटं होती आणि झेंडूचं एक फूल सुकून चिकटलेलं होतं.

सोमवारी ऑफिसात ताईंनी ती धुतली. सीडी गोल पुसायची नाही, मधून कडेकडे सरळ पुसायची, असं त्या आम्हाला सांगत होत्या आणि पुसतही होत्या. तोवर त्यांनी सगळं यंत्र कोरं करून लिनक्स नव्यानं बसवलं होतं. ज्या घरात चोर महिनाभर राहिला त्याची नुसती कुलपं बदलून भागत नाही, असं त्यांचं म्हणणं. सीडी आत गेली, घरघरली, थांबली, परत घरघरली. आणि दाखले आले, निकाल आले, तिन्ही शाळांची हजेरी आली.

एकच फाइल उघडली नाही. कुंकवाचा डाग तिथे खोलवर लागला असावा. ती शिक्षकांनी घेतलेल्या रजांची होती. ताईंना त्याचं फार वाईट वाटलं. आम्ही सगळ्या शिक्षकांनी त्यांचं सांत्वन केलं, आणि त्या वर्षी मला बारा रजा नव्यानं मिळाल्या.

त्यानंतर ताई रोज सकाळी रूटचं टपाल वाचायला लागल्या. बाहेरून येणाऱ्यांसाठी पासवर्डचं दार त्यांनी बंदच केलं. ज्याच्याकडे आपली किल्लीची फाइल असेल तोच आत यायचा. दर महिन्याला त्या एक सीडी परत उघडून बघायच्या, कारण न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नसतो, हे त्यांना शेतात कळलं होतं. शाळेच्या प्रार्थनेत सुविचारानंतर कॉम्प्युटर सुरक्षेची एक बातमीही त्यांनी सुरू केली. लालबागला पाचवीतल्या एका मुलीनं ती खणखणीत आवाजात वाचली: एक नवा विषाणू वेगानं पसरत आहे, अनोळखी व्यक्तीनं पाठवलेलं काहीही उघडू नका. दुसऱ्या दिवशी निम्मी पाचवी घरी होती. सुपडू शिंपी तर मुलाच्या तोंडाला ओला रुमाल बांधून दारात उभा होता. मंगलाताई दोन दिवस लालबागेत घरोघर फिरल्या, आणि हा ताप यंत्रालाच येतो, पोरांना नाही, हे समजावलं. तीन घरांत त्यांना काढा प्यावा लागला.

चौदा साली त्या निवृत्त झाल्या. आता मीही निवृत्त आहे. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. तब्येत विचारतात, मग माझ्या कॉम्प्युटरवर या आठवड्याचे अपडेट घातलेत का, ते विचारतात. मी हो म्हणतो. फोन ठेवतो आणि घालायला बसतो.