काकूंची चूलबंद हमी

“मनालीचं म्हणे आता परदेशात…”

एवढंच माझ्या कानावर आलं आणि मेली गिरणी सुरू झाली. आता तुम्हीच सांगा, अर्धं वाक्य पोटात घेऊन बाई घरी कशी जाईल? दळण होईपर्यंत मी त्या दोघींच्या तोंडाकडे बघत उभी. ओठ हलतायत, ऐकू येते ती नुसती खडखड. गिरणी थांबली तोवर त्यांचा विषय भेंडीवर गेलेला. मग उरलेलं वाक्य मी घरी येऊन माझं मीच पुरं केलं. परदेशात माणसाचं काय होतं? नोकरी. दुसरं काय?

आणि तिथूनच मी जी माती खाल्ली ती ऐका.

मनाली म्हणजे शेजारच्या सुमनवहिनींची मुलगी. शहापूर सोडलं की डोळखांबच्या रस्त्याला आमची चार घरं एका ओळीत आहेत. आमची आणि त्यांची भिंत एकच. त्यामुळे त्यांच्याकडे काय चाललंय ते मला मुद्दाम ऐकावं लागत नाय. मुद्दाम ऐकते ते वेगळं.

पोरगी कम्प्युटरचं शिकून नोकरी शोधत होती. बसल्या बसल्या तिनं एक काम काढलं. परदेशातल्या काही माणसांनी बॅनर, पत्रिका बनवायचा प्रोग्राम केलाय. फुकट आहे, आणि आतली सगळी कृतीही उघडी ठेवलीय, कोणीही घ्या आणि करा. पण कृती वाचून सगळ्यांचे अनरसे जाळीदार होतात का? म्हणून मनाली तो आपल्याकडच्या जुन्या कम्प्युटरवर चालेल असा आयता तयार करून ठेवायची. लोकांनी नुसता उतरवून घ्यायचा. आणि तिनं त्या परदेशी मंडळींना विचारलं होतं, की तुमच्या इंटरनेटवरच्या पानावर माझा पत्ता, म्हणजे लिंक, द्याल का? त्यांनी दिला असता तर नोकरी मागताना पोरीला दाखवायला काहीतरी झालं असतं.

मी म्हटलं, पोरगी परदेशी जायची तर आपलाही हात लागला पाहिजे. “मला पाठव गो, मी चार लोकांना सांगते.”

तिनं माहिती पाठवली. वरचं सगळं छान. खाली मात्र लिहिलेलं, ‘जसं आहे तसं घ्या. मूळ बनवणारे वेगळे, मी फक्त तयार करून ठेवलं आहे. चालेलच अशी हमी नाही. अडचण आली तर लिहा, वेळ मिळेल तसं बघेन.’

वाचून मला कसंसंच झालं. पंगतीत कोणी असं वाढतं का, की जेवा, पण पोट दुखलं तर आमच्याकडे येऊ नका? आमच्यात लग्नाचं आवतण चूलबंद असतं. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाय, झाडून सगळ्यांनी यायचं. मी त्या ओळी पुसल्या आणि माझ्या मनाच्या घातल्या. ‘पूर्ण हमी. काही अडलं तर केव्हाही घरी या. लेकराबाळांसकट या. आपली, शेजारची काकू.’ खाली घराची खूण. मग महिला मंडळ, भजनी मंडळ, माहेर आणि मुरबाडची नणंद, सगळीकडे दिलं पाठवून.

दोन दिवसांत माणसं यायला लागली. डोळखांबचे एक गुरुजी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून आले. एक बाई तर कम्प्युटरच नसताना तीन पोरं घेऊन आली, कारण लेकराबाळांसकट लिहिलं होतं. जेवून गेली बिचारी.

आणि मुरबाडहून आला बबन बॅनरवाला. मोटारसायकलच्या मागं खताच्या गोणीत कम्प्युटर बांधून. हळदीचा बॅनर होता. वर नवरा, खाली सगळं गणगोत. आत्या, काका, मावश्या नीट बसल्या, पण मामाचा फोटो घातला की प्रोग्राम बंद. मामा तिकडे रुसलेला.

मनाली म्हणाली, “दादा, फोटो फार झाले. थोडे कमी करा.”

“कोणाला करू? तूच सांग.”

ती माझ्याकडे वळून म्हणाली, “काकू, यांना घरचा पत्ता कोणी दिला?”

मी दूध उतू चाललंय का ते बघायला आत गेले. दूध फ्रिजमध्ये होतं.

बबन तणतणत गेला आणि घरी जाऊन त्यानं प्रोग्राममधलं मदतीचं बटण दाबून थेट परदेशातल्या मूळ मंडळींना मराठीत लिहिलं. मला कळलं तिसऱ्या दिवशी. मनाली दारात उभी, तोंड एवढंसं झालेलं.

“काकू, तुमी कोण?”

“म्हणजे गो?”

“त्यांनी विचारलंय. मामा हा प्रोग्रामचा कुठला भाग आहे, आणि काकू ही कुठली कंपनी, जी आमच्या कामाची हमी देते? याचा उलगडा होईपर्यंत माझा पत्ता त्यांच्या पानावर लावणार नाय.”

मी सगळं कबूल केलं. पोरगी ओरडली नाय, तेच जास्त लागलं. म्हणाली, “काकू, आवणी झाली की उरलेली भाताची रोपं आपण बांधावर ठेवतो ना? ज्याला पायजे तो नेतो. पीक येईलच असं सांगतो का आपण?”

“मी तर लावायलाही गेले असते,” मी म्हटलं.

“तेच तर,” ती म्हणाली.

मग तिनं खरंखरं सगळं लिहून पाठवलं. माझी माफीही माझ्याच शब्दांत पाठवली. बबनला फोनवर फोटो आधी लहान करून घ्यायला शिकवलं, आणि मामा नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसला. चार दिवसांनी उत्तर आलं. पत्ता लावतो म्हणाले, पण तयार करून कोण देतं आणि हमी कोणाची नाय, हे आधी स्पष्ट लिहा.

मनालीनं लिहिलं. मराठीत आणि इंग्रजीत. तिच्या जुन्या ओळी जशाच्या तशा, आणि खाली एक नवीन, ‘शेजारच्या काकूंनी दिलेली हमी धरू नये.’

परवा गिरणीत त्या दोघी परत भेटल्या. गिरणी सुरू व्हायच्या आत मी गाठलंच, त्या दिवशी काय म्हणत होतात?

“हेच, की मनालीचं आता परदेशात नाव होणार. झालं का हो?”

“नाव गेलंय परदेशात,” मी म्हटलं. “पण मनालीच्या आधी दुसरीचंच गेलंय.”

“अगोबाई, कोणाचं?”

तेवढ्यात गिरणी सुरू झाली. जन्मात पहिल्यांदाच मला ती खडखड गोड लागली.