येशू ऑक्टोबरात आहे

आमच्या मंडळीत शहाण्यांचा तुटवडा कधी पडला नाही. बोरीच्या पुढं आमचं गाव, वीसेक घरं ख्रिस्ती, पत्र्याचं एक चर्च, आणि त्या पत्र्याखाली कमिट्या मात्र तीन. एक इमारतीची, एक सणांची आणि तिसरी पहिल्या दोघींवर नजर ठेवणारी. लेकरांसाठी कमिटी नव्हती, कारण लेकरांना मत नसतं. संडेस्कूल माझ्याकडं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर चौथीला शिकवलं, रिटायर झाले, आणि दुसरं कुणी हात लावीना म्हणून रविवारची लेकरं माझ्या पदरात पडली.

तोवर आमचं वेळापत्रक रानावर चालायचं. मृग निघाला की पेरणाऱ्याचा दाखला सांगायचा, कापूस वेचणी लागली की शेतात मागं राहिलेला सरवा वेचणारी रूथ, परीक्षा आल्या की राजापुढं न डगमगणारा दानीएल. दहावी-बारावीची पोरं मागं भिंतीला टेकून बसायची आणि ऐकत नाही असं दाखवत ऐकायची. हे काही लय थोर काम होतं असं माझं म्हणणं नाही. पण लेकरं यायची.

मग मंडळीला नवा सेक्रेटरी लाभला. जिंतूरला कुठल्याशा ऑफिसात कारकून, पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एकही लिहीत नसावं. हा चौथीत माझ्याच वर्गात होता. भागाकार म्हटलं की याच्या पोटात दुखायचं. नाताळाच्या आधीच्या मीटिंगमध्ये त्यानं जाहीर केलं की आपल्या मुलांचं आणि तरुणांचं शिक्षण आता नियोजनबद्ध होणार, आणि पिशवीतून एक गुंडाळी काढून भिंतीला लावून धरली. वर्षाचे बावन्न रविवार, बावन्न चौकटी. ज्याला बत्तीस भागिले चार जमलं नाही त्यानं बायबलला बावन्ननं भागलं होतं.

पद्धत अशी, की उत्पत्तीपासून सुरू करायचं आणि सरळ प्रकटीकरणापर्यंत जायचं. पुस्तकांच्या क्रमानं, इकडंतिकडं बघायचं नाही. प्रत्येक चौकटीत धडा, पाठ करायचं वचन आणि खाली ‘कृती’. या कृती त्यानं मोबाईलवरून कुठून तरी उतरवल्या होत्या. नोहाच्या रविवारी लेकरांना प्राणिसंग्रहालय दाखवायचं होतं. आमच्या गावात म्हशी, शेळ्या आणि कमिट्या, याउपर प्राणी नाही. तरुणांसाठी जूनच्या शेवटी तीन दिवसांचं शिबिर ठेवलेलं, म्हणजे ऐन पेरणीत. ऑक्टोबरात ‘युवा सप्ताह’, जेव्हा आमचा एकूण एक तरुण मळणीयंत्रापाशी सोयाबीनचा भुसा खात उभा असतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि उंटसुद्धा दुसऱ्याचा.

मी चष्मा लावून तो कागद नीट वाचला. एप्रिलात ईस्टर. ईस्टरच्या चौकटीत होता केसांत ताकद असलेला शमशोन. अख्खं जग प्रभू उठला म्हणून गाणार आणि आमची लेकरं शमशोनाचे केस कापत बसणार. नाताळाच्या चौकटीत सात डोक्यांचं श्वापद. मी पदर तोंडाशी धरून हसू दाबलं. पाळकसाहेब मात्र मान डोलवत होते. भला गृहस्थ, पण रेघा मारलेला कागद दिसला की त्यांना तो वरूनच उतरला असं वाटतं. त्यांची शंका एवढीच होती की छापताना वर फोटो कुणाचा येणार.

मला त्या मीटिंगमध्ये एकच गोष्ट मागायची होती. आमच्या मंडळीत नऊ वर्षांची एक मुलगी होती. आईबाप रोजानं रानात जाणारे. तिच्या थोरल्या भावाला त्याच दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन काढताना पान लागलं. साप चावला असं आमच्याकडं म्हणायचं नसतं, पान लागलं म्हणायचं. कसंही म्हणा, पोरगं दवाखान्याच्या वाटेवरच गेलं. तेव्हापासून या लेकराची वाचा बसली. रडणं नाही, हट्ट नाही, शब्द नाही. भावाचा जुना शर्ट घालून यायची आणि माझ्या खुर्चीच्या पायाशी बसायची. तिच्या आईनं माझे दोन्ही हात धरून सांगितलं होतं, ‘बाई, तुमच्याजवळ बसू द्या तिला. कायबी करा, पण एकदा बोलती करा.’

असली मुकी झालेली दोन-चार लेकरं मी शाळेत बोलती केली होती, त्यामुळं माझाही जीव त्यात अडकला होता. मनाशी सगळं ठरवलं होतं. जानेवारीपासून आधी हरवलेलं मेंढरू, मग वादळ गप्प केलेलं, मग याईराची ती मुलगी, जिला सगळे मेली म्हणत होते आणि येशू म्हणाला, ऊठ. सावकाश, एकेक गोष्ट, घाई नाही.

म्हणून मी उभी राहिले. म्हटलं, तुमचा क्रम तुम्हाला लखलाभ, पण पहिले दोन-तीन महिने मला येशूच्या गोष्टी घेऊ द्या, त्या पोरीसाठी. सेक्रेटरीनं कागदावर बोट फिरवलं. वरून खाली, खालून वर.

‘येशू ऑक्टोबरात आहे, बाई,’ तो म्हणाला. ‘त्याच्या आधी कसा आणायचा?’

कुणीही हसलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. इमारतवाले, सणवाले, नजरवाले, सगळे गंभीर चेहऱ्यानं माना हलवत बसले, जसा काही येशू रजेवर गेलाय आणि ऑक्टोबरात हजर होणार आहे. पाळकसाहेब म्हणाले की एका वर्गाला सूट दिली की नियोजनाचं वाटोळं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, ठीक आहे, तुमच्या कागदावर असेल तेच शिकवीन आणि एक मात्रा इकडची तिकडं करणार नाही.

त्यांना वाटलं बाई ऐकली. अहो, कसली ऐकली! मला डोळ्यापुढं ईस्टर दिसत होता. भरल्या चर्चमध्ये लेकरं रांगेत उभी करायची, शमशोनाचं वचन घोकून म्हणायला लावायचं आणि तिन्ही कमिट्यांची नाकं एका झटक्यात कापायची, असा माझा बेत होता. बदल मागून मिळत नाही तर फजिती करून घ्यावा, हे मी शाळेच्या स्टाफरूममध्ये शिकलेले. नियोजन काय एकटा सेक्रेटरीच करत होता?

जानेवारीत कॅलेंडर छापून आलं. वर पाळकसाहेब, खाली सेक्रेटरी, दोघांचे फोटो मापून सारखे, आणि कोपऱ्यात येशू, तळहाताएवढा. रविवार इतके बारीक की वाचायला भिंग लागावं. घरोघरी ते खिळ्याला अडकलं. मी शब्द पाळला. सृष्टी झाली, आदाम झाला. सेक्रेटरी दर रविवारी दारात हजेरीचं रजिस्टर घेऊन उभा राहायचा आणि खुणा करायचा, धडा झाला, वचन झालं, कृती झाली. त्याला वाटायचं, बघा कशी गाडी रुळावर आली. मला वाटायचं, बाबा, रूळ कुठं जातोय ते बघ.

ती मुलगी येत राहिली. काईनानं आपल्या भावाला रानात नेऊन मारलं तो धडा आला, तेव्हा ती माझ्या साडीचा काठ बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत बसली. मी पुढं वाचत गेले. तिची आई वाटेत भेटली की नजरेनंच विचारायची. मी नजरेनंच सांगायची, अजून नाही. आणि मनात म्हणायची, मला काय विचारतेस, कमिटीला विचार.

मार्चचा पहिला रविवार. चौकटीत होतं, निर्गम, मिसरातली दहावी पीडा. ज्या घराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलेलं, ते घर मरणानं ओलांडलं. ज्या घराला नव्हतं, तिथला थोरला मुलगा मेला. कृती, दाराच्या चौकटीला लाल रंग लावणे.

मी ते शनिवारीच वाचलं होतं. दिसलं नाही म्हणायची सोय नाही, चष्मा नवा होता. थोरला मुलगा हे शब्द वाचले, त्या पोरीचा चेहरा समोर आला, आणि मी स्वतःशी म्हणाले, कागद त्यांचा, पाप त्यांचं. उठले आणि वाटीत गेरू भिजवून ठेवला.

रविवारी धडा जसाच्या तसा सांगितला. मला गोष्ट सांगता येते, चांगली येते, त्या दिवशी तर जास्तच रंगली. एकेका घरातून उठलेली रड, आया कशा ऊर बडवत बाहेर आल्या, सगळं सांगितलं. मागची मोठी पोरंसुद्धा मोबाईल खिशात घालून ऐकत होती. मग गेरूची वाटी फिरली. चर्चच्या नव्यानं रंगवलेल्या चौकटीला लेकरांनी हात भरभरून गेरू फासला, आणि मला आतून गुदगुल्या झाल्या, की आता बसू दे इमारत कमिटीला घासत. तेवढ्यात तीही उठली. दोन बोटं वाटीत बुडवली, हात पोचला तिथवर एक रेघ ओढली, आणि आपल्या लाल बोटांकडं बघत उभी राहिली. मग माझ्याकडं वळली. पाच महिन्यांनी ती बोलली. आवाज घोगरा झाला होता.

‘बाई, आमी आमच्या दाराला लावलं न्हाई म्हून दादा मेला का?’

जन्मभर लेकरांच्या प्रश्नांची उत्तरं दिली, मिशीवाल्या शिक्षणाधिकाऱ्यांना गप्प केलं, आणि नऊ वर्षांच्या पोरीपुढं मला एक शब्द सुचेना. ती वाट बघत होती, सगळा वर्ग वाट बघत होता, आणि मी हातातला खडू धरून नुसती उभी.

दारातल्या सेक्रेटरीनं रजिस्टर खाली ठेवलं. मला वाटलं, आता हा दीडशहाणा कागदात उत्तर शोधणार. तो इस्त्रीच्या पँटीसकट उंबऱ्यावर खाली बसला, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आला, आणि तिची ती लाल बोटं आपल्या मुठीत धरली.

‘न्हाई बाळा,’ तो म्हणाला. ‘तुमच्या दारात काईच कमी नव्हतं.’

हे तो पुन्हा म्हणाला, आणि पुन्हा. दादा कशानं गेला ते मला ठाऊक नाही, पाळकसाहेबांनाही ठाऊक नाही, आणि कुणी ठाऊक आहे म्हणालं तर ऐकायचं नाही, असं त्यानं तिला सांगितलं. पोरगी त्याच्या खांद्यावर कोसळली आणि ढसाढसा रडली. पांढऱ्या शर्टावर गेरूची बोटं उमटली, ती त्यानं पुसली नाहीत. भागाकार न येणाऱ्याला हे आलं, आणि मला, पहिल्या नंबरानं पास होत आलेल्या बाईला, आलं नव्हतं.

मग त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं जाऊन खिशातलं पेन काढलं आणि पुढच्या चार-पाच चौकटी खोडल्या. म्हणजे पेन लिहीत होतं. माझ्याकडं येऊन खालच्या आवाजात म्हणाला, चुकलं माझं, बाई, तुमी तवाच सांगितलं होतं. मी शनिवारचं बोलायला हवं होतं, की अरे, मला दिसलं होतं, मी तुला तोंडघशी पाडायला गेरू भिजवला होता. मी म्हणाले, असू दे. त्याची चूक मी त्याच्याच पदरात राहू दिली.

एवढ्यात तिची आई रानातून पळत आली. हरभरा काढायला गेली होती, विळा हातातच. कुणी तरी बांधावरून ओरडून तिला एवढंच सांगितलं होतं, की तुझी लेक बोलली. तिनं पोरीला पोटाशी घेतलं, तोंडावरून हात फिरवला, आणि माझ्याकडं बघितलं. तसं हसताना मी तिला दिवाळीपासून पाहिलं नव्हतं.

‘काय म्हणली, बाई? पयलं काय बोलली?’

सेक्रेटरी खाली बघत होता. लेकरं माझ्याकडं बघत होती.

‘“बाई” म्हणाली,’ मी सांगितलं. ते खोटं नव्हतं, तिचं बोलणं तिथूनच सुरू झालं होतं. त्या माउलीनं विळा खाली ठेवला आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागं घेतले, तरी तिनं ते धरलेच.